तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना जिना चढू देऊ का?

"बाबा 72 चे, अँजिओप्लास्टी झालीय. चालवायचं म्हटलं की भीती वाटते हो. काही झालं तर?" माझ्यासारख्या कार्डियाक रिहॅबवाल्या, म्हणजे हृदयाच्या आजारानंतर व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टला हा प्रश्न कुठेही गाठतो, सारसबागेत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा. बहुतेकांना 'राहू द्या, आराम करू द्या' एवढंच ऐकायचं असतं. मी ते म्हणत नाही, म्हणून मी निर्दयी.

आरामाचं काय होतं ते ऐका. 1966 साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. वयाने त्यांचा दमसास घटला होता, पण त्या तीन आठवड्यांनी घटवला होता त्याहून कमीच.

आता सदाशिव पेठेतली जुनी इमारत घ्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन महिने पलंग-सोफा-बाथरूम एवढंच केलेले आजोबा पहिला मजला तोऱ्यात चढतात, कारण खाली शेजारी बघत असतात. दुसऱ्याच्या वळणावर धाप लागते, पोटऱ्या थरथरतात, हात छातीवर जातो. मागून सून ओरडते, "बाबा, बसा, बसा! रिक्षा बोलावू?" बरेचदा झालेलं असतं एवढंच: मांड्यांचे स्नायू बिनवापराचे, बीटा-ब्लॉकरच्या गोळीमुळे ठोके हवे तितके वाढत नाहीत, आणि आजोबा श्वास रोखून कठडा ओढत चढलेले. तिथेच कठड्याला टेकून, ओठांचा चंबू करून फुंकर मारल्यासारखा श्वास सोडला तर दोन-तीन मिनिटांत धाप ओसरते. ती आपोआप ओसरताना त्यांनी अनुभवायला हवी. भीतीवर तेवढाच इलाज आहे. पण सून बसवते, पाणी पाजते, आणि बसवलं म्हणून वाचलो असं दोघांच्याही मनात पक्कं होतं. दुसऱ्या दिवसापासून जिना बंद. मग कोपऱ्यावरचा वाणी बंद, आणि महिन्याभरात सोफ्यावरून उठतानाच धाप.

सुनेला नावं ठेवायची नाहीत मला. मधुमेह असेल, वय झालं असेल, तर छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसता घाम, मळमळ, धाप. म्हणून थांबूनही धाप उतरत नसेल, छातीच्या मधोमध दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम असेल तर बसवायचंच. डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली, बसूनच. उभ्याने घेतली की बीपी उतरून माणूस पडतो. पाच मिनिटांत आराम नाही, तर 108.

पूर्वी मीही "काही होत नाही, चाला बिनधास्त" म्हणायचे. आता जीभ अडखळते. पण 'जपून' म्हटलं की लोक जागचे हलत नाहीत, हेही बघते आहे.

सगळ्यांना आकडा हवा असतो. 220 वजा वय म्हणजे नाडीचे जास्तीत जास्त ठोके, हे गणित बीटा-ब्लॉकर चालू असताना लागू पडत नाही. चालताना एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवायला हरकत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर सुरुवात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सपाटीवर, पाच-पाच मिनिटं दिवसातून तीनदा. झेपलं तर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट वाढवा. शेवटी वेग हळूहळू उतरवा. झटकन थांबलात तर रक्त पायांत साचून चक्कर येते. जेवणानंतर दीड-दोन तास नाही. डिसेंबरच्या पहाटे पाचला तर नाहीच, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. ऊन येऊ द्या. ताप असेल, पाय सुजले असतील, तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं असेल, तर व्यायाम राहू द्या आणि डॉक्टर गाठा. पर्वतीच्या 103 पायऱ्यांचा हट्ट तूर्त सोडा.

जिन्याला एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी, चढताना श्वास बाहेर. बायपास झाली असेल तर कठड्याला हाताने ओढून चढायचं नाही, छातीचं हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. प्रत्येक वळणावर एक स्टूल ठेवा, बसा म्हणून आग्रह मात्र करू नका. चढताना सोबतच्याने एक पायरी मागे राहावं, उतरताना एक पायरी पुढे. आणि मधे 'दमलात का' असं विचारू नका. गप्पा मारा. वाक्य तुटायला लागलं की तुम्हाला कळेलच.