फाइंडऑल रिकामंच काहून येते?

आज नागपूरच्या उन्हात बाहेर पडायची सोयच नव्हती, म्हणून भाचीला घेऊन पायथनला बसलो. सराव म्हणून अर्काईव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहाची सेवा घेतली. फुकट आहे, आणि शोधनिबंधांची यादी एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावलेल्या मजकुरात देते. एक्सएमएल वाचायची लायब्ररी एलिमेंटट्री तर पायथन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून सोबतच येते, वेगळं काही बसवायला नको.

तिच्या फ्रॉमस्ट्रिंगनं त्या मजकुराचं टॅगांचं झाड झालं. मग टॅग शोधणाऱ्या फाइंडऑलला 'एंट्री' (एकेका निबंधाचा टॅग) मागितलं, तर रिकामी यादी! एरर पण नाही. (एरर आली असती तर बरं, निदान कुठं बघायचं ते कळते.)

"मामा, समोर तर दिसून राहिलं ना, मग सापडत काहून नाही?"

भानगड नेमस्पेसची, म्हणजे टॅग कुठल्या घराण्यातला ते सांगणाऱ्या पत्त्याची. ही ॲटम फीड (एक्सएमएलचाच एक ठरलेला साचा), त्यामुळे पार्स झाल्यावर प्रत्येक टॅगच्या नावाआधी महिरपी कंसात अख्खा पत्ता चिकटलेला असतो. धरमपेठेत जाऊन नुसतं "देशपांडे कुठं राहतात?" विचारल्यासारखं झालं. पायथन ३.८ पासून कंसात पत्त्याऐवजी चांदणी (*) टाकली तरी चालते, पण मी तिला नेमस्पेसची डिक्शनरीच (छोटं नाव आणि त्याचा अख्खा पत्ता) लिहायला लावली. शॉर्टकट नंतर.

शीर्षकं धडाधड आली. तारखा मात्र स्ट्रिंगच (नुसता मजकूर) येतात, त्या डेटटाइममध्ये बदलायच्या बाकी आहेत. ते आता तिनं एकटीनं करायचं.