सोरव्यांचे सण, नोंद चौथी: दगड, महिना आणि भरती

सोरवे म्हणजे मी लिहीत असलेल्या कथेतली काल्पनिक जमात. मागच्या नोंदीत मी त्यांचे चार सण मोठ्या ऐटीत मांडले होते: दोन अयनांचे (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन संपातांचे (दिवस-रात्र सारखे). चारही खोडले. सोरवे राहतात नदीच्या मुखाशी, खाजणात. त्यांच्या वर्षाचे तुकडे सूर्य पाडत नाही, पूर पाडतो. प्राचीन इजिप्तमध्येही ऋतू तीनच होते, प्रत्येकी चार महिन्यांचे, आणि पहिला पुराचाच. हे ठाऊक असूनही चार सण का आखले? वहीत वर्तुळाचे चार भाग छान दिसतात म्हणून.

त्यामुळे हा महिना एकाच विधीवर गेला: तळदर्शन. पूर ओसरताना पात्रातला काळा दगड पहिल्यांदा उघडा पडतो, ती रात्र. पुरात बुडालेल्यांची नावं तोवर कुणी घ्यायची नाहीत. दगड दिसला की प्रत्येक घरातली थोरली बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून ती एकेक करून उच्चारते, आणि मग ते नाव नव्या बाळाला द्यायला मोकळं होतं. एवढं पहिल्याच दिवशी सुचलं आणि अजून तसंच आहे. बाकी सगळं मोडलं.

आधी तिथी. विधी चौथ्या पौर्णिमेला ठेवला होता. माझ्या जगातला चंद्र आणि वर्ष पृथ्वीसारखेच आहेत (आळस, दुसरं काय). बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस, सौर वर्षाहून ११ कमी. आठ वर्षांत ८८ दिवस घसरले! नायिका सात वर्षांची असताना चिखलात झालेला विधी ती पंधराची होते तेव्हा ऐन पुरात येतो.

इस्लामी कालगणनेसारखं सणाला ऋतूंमधून फिरू द्यावं, तर साधारण ३३ वर्षांत फेरा पूर्ण होतो. पण दगडच पाण्याखाली असेल तर दर्शन कशाचं? १९ वर्षांत ७ अधिक महिने घालायचं बॅबिलोनियन गणित नेटकं आहे, पण तेवढी मोजदाद ठेवायला सोरव्यांना मी लिपीच दिलेली नाही. शेवटी ठरवलं की पुजारी दगड बघतील. चौथ्या पौर्णिमेलाही तो बुडालेला असला तर महिना वाढवतील.

आणि इथे कथा जागी झाली. कर भरायचा तोही तळदर्शनानंतर, म्हणजे महिना ज्याच्या हाती, मुदतही त्याच्याच हाती. रोममध्ये पुरोहित अधिक महिन्याचा वापर राजकारणासाठी करत. घोळ इतका साचला की ज्युलियस सीझरला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करून तो निस्तरावा लागला. सोरव्यांतही आता असं एक वर्ष येतं: दगड उघडा पडलाय, सगळ्यांना दिसतोय, आणि पुजारी म्हणतात, महिना वाढला. पलीकडच्या काठाने नावं घेऊन टाकली. अलीकडचे गप्प. मूळ आराखड्यात यातलं काहीच नव्हतं.

मग मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने एवढंच विचारलं, ‘‘नदीचं मुख ना? मग पौर्णिमेला उधाण नाही का येत?’’ तासभर चिडून बसले होते. पण उधाणाला भरती जशी जास्त चढते, तशी ओहोटीही जास्त खोल जाते. म्हणजे दगड पहिल्यांदा दिसायचा तर तो पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच! चूक शोधायला गेले आणि विधीला कारण मिळालं. शिवाय एखाद्या ठिकाणी उधाणाची ओहोटी दर खेपेला साधारण त्याच वेळेला लागते. मी मध्यरात्र धरली. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त, त्यात दगड उघडा राहणार दोनेक तास. मोठ्या पुराच्या वर्षी नावं जास्त, पाणी मात्र थांबत नाही. राहिलेली नावं दुसऱ्या रात्री, सुमारे ५० मिनिटं उशिरा.

तीनशे मशालींची मिरवणूक काढून टाकली. खाजणात लाकूड नाही, लव्हाळं भिजलेलं, आणि पौर्णिमेला मशाली कशाला? लाडका परिच्छेद गेला. धूळऋतूचा विधी अजून नावापुरताच आहे, पुजाऱ्यांची वस्त्रं ‘पांढरी’ यापुढे गेलेली नाहीत, आणि गाण्यांना मी हात लावणार नाही.

सध्या तळदर्शन सात वर्षांच्या नायिकेच्या नजरेतून लिहितेय. पाय गारठलेत, आजीची यादी संपत नाही, शेजारच्या पोराला चिमटा काढून झालाय. ज्या विधीत कुणालाच कंटाळा येत नाही, तो मला खरा वाटत नाही. आजीच्या यादीत नऊ नावं आहेत. पाणी मांडीपर्यंत चढेतो सात होतात. मागे कोणती दोन ठेवायची, ते अजून ठरत नाहीये.