वाचलेला वेळ तपासणीला : सांगलीतील आमच्या वायरिंग व्यवसायाची वाटचाल

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वायरिंगची कामे घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांची सगळी हत्यारे एका कापडी पिशवीत मावत असत. पक्कड, दोन पेचकस, छन्नी, हातोडा, टेस्टर आणि होल्डरला दोन वायरी जोडून घरीच केलेला टेस्ट लॅम्प, एवढ्या सामानावर त्यांनी गावभागातील अनेक वाड्यांतील लाकडी पट्टीवरचे वायरिंग उभे केले. मी आयटीआयमधून वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण करून आणि परवाना मिळवून त्यांच्यासोबत आलो. आज आम्ही सात जण आहोत. विश्रामबागेतील सदनिका, मिरजेतील दवाखाने आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने अशी आमची कामे असतात. या प्रवासात हत्यारांवर आम्ही बराच पैसा घातला. त्यातून वाचलेला वेळ आम्ही कुठे वापरला, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पहिले मोठे यंत्र घेतले ते भिंतीत झिरी मारण्याचे. छन्नी-हातोड्याने तीस फुटांची झिरी काढायला एका माणसाचा अर्धा दिवस जात असे, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे मनगट भरून येई. दोन समांतर चकत्यांचे कटर तेच काम अर्ध्या तासाच्या आत करते, शिवाय खोली आधीच ठरवता येत असल्याने पाइप प्लास्टरच्या आत नीट बसतो. मात्र विटा आणि सिमेंटची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून कटरला धूळ ओढणारे यंत्र जोडल्याशिवाय आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय ते सुरू करायचे नाही, असा नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात केला. यंत्राने काम सोपे झाल्यामुळे हवी तशी आडवी झिरी मारण्याचा मोहही वाढतो. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारली की भिंत कमकुवत होते, तेव्हा थोडा जास्त पाइप लागला तरी आम्ही उभ्या मार्गानेच जातो. भरलेल्या झिरीवर जाळी लावूनच प्लास्टर करायला सांगतो.

पाइपमधून वायर ओढण्यासाठी स्टीलची स्प्रिंग आणि शंखजिऱ्याची पूड अण्णांच्या काळापासून आहे, तिला आम्ही फक्त चांगल्या प्रतीची जोड दिली. बॅटरीवरचा ड्रिल आणि लेझर लेव्हल यांचा उपयोग उघड आहे. एका खोलीतील सगळे बोर्ड एका रेषेत आणायला दोरी आणि पाणपातळी घेऊन दोन माणसांना गुंतून राहावे लागत नाही.

लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबण्याच्या हत्याराबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ते न घेतल्याची किंमत मी मोजली आहे. एका वर्कशॉपच्या पॅनेलमध्ये ॲल्युमिनियमच्या केबलला लग बसवताना वेळ वाचावा म्हणून मी तो पकडीने दाबून आणि वर हातोडा मारून घट्ट केला होता. जोड वरून घट्ट दिसत होता. पण आतील तारांमध्ये पोकळी राहिली की जोडाचा रोध वाढतो, रोधामुळे उष्णता होते, उष्णतेने धातू प्रसरण पावतो, थंड झाल्यावर तो पुन्हा सैल होतो आणि हे चक्र रोज चालू राहते. काही महिन्यांनी रात्रपाळीत तो जोड जळाला. कोणाला इजा झाली नाही, परंतु मालकाचे दोन दिवसांचे काम बुडाले आणि ती चूक पूर्णपणे माझी होती. त्यानंतर मी हायड्रॉलिक क्रिम्पिंगचे, म्हणजे लग तेलाच्या दाबाने आवळणारे, हत्यार घेतले. ते केबलच्या मापाच्या साच्याने लगला षटकोनी दाब देते, आणि एका जोडाला एक मिनिटही लागत नाही. घरगुती कामात जोड तापू नये याची काळजी वायर सोलण्याचे स्वयंचलित हत्यार घेते. चाकूने सोलताना दोन-चार बारीक तारा तुटतात आणि एसीच्या ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीतील तेवढाच भाग तापू लागतो; या हत्याराने तारा शाबूत राहतात.

तरीही माझ्या मते आमचा सर्वांत जास्त वेळ मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजून वीज कुठे झिरपते ते दाखवणाऱ्या मीटरने, वाचवला आहे, आणि हे मला ऑगस्ट २०१९ च्या महापुराने शिकवले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते आणि अनेक घरांचे तळमजले कित्येक दिवस पाण्यात होते. पूर ओसरल्यावर प्रत्येकाला वीज तातडीने हवी होती, कारण विजेशिवाय पंप चालत नव्हता आणि पंपाशिवाय गाळ निघत नव्हता. सगळे बोर्ड उघडून, सगळी वायर बदलत बसलो असतो तर एका गल्लीत महिना गेला असता.

आम्ही मुख्य स्विच बंद करून, न्यूट्रलच्या जोडण्या सोडवून, दिवे आणि उपकरणे वेगळी काढून प्रत्येक सर्किटवर ५०० व्होल्टचा मेगर लावला. उपकरणे काढणे आवश्यकच असते, नाहीतर तो दाब एलईडीच्या ड्रायव्हरला मारून टाकतो. जिथे काटा १ मेगओहमच्या खाली राहिला ते सर्किट बंद ठेवले, बाकीचे त्याच दिवशी सुरू करून दिले. लवकरच लक्षात आले की पीव्हीसीच्या आवरणाची अखंड वायर सहसा खराब झालेली नसते. ओल साठते ती जोडांत, स्विचच्या खोक्यांत आणि सॉकेटच्या मागच्या चिखलात. पाइपांतील पाणी ब्लोअरने बाहेर काढून, बोर्ड उघडे ठेवून दोन दिवसांनी पुन्हा मोजले की बहुतेक ठिकाणी आकडा वर आलेला असे. पाण्यात बुडालेले एमसीबी (जास्त प्रवाह झाला की पुरवठा तोडणारे स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारे स्विच) मात्र आम्ही एकही परत वापरले नाहीत. ते कोरडे आणि चालू दिसत असले तरी आतील यंत्रणा गाळाने अडकलेली असू शकते, आणि ३० मिलिॲम्पिअर गळतीला जे तुटले पाहिजे ते तुटले नाही तर त्याचा उपयोग काय?

मिलिॲम्पिअर मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून प्रवाह मोजणारा मीटर, त्यानंतर घेतला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले की जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात; जो फरक उरतो ती गळती. जुन्या घरांत दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात आणि त्यामुळे आरसीसीबी पडतो; ग्राहक मात्र तो कारण नसताना पडतो असे सांगतात. पूर्वी असा दोष शोधायला आमचा दिवस जाई; आता प्रत्येक सर्किटवर मीटर फिरवून तासाभरात तो सापडतो.

हे मोजमाप आम्ही वहीत उतरवतो आणि बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचे नाव, तारीख व मेगरचा आकडा चिकटवतो. पूररेषेतील घरांत तळमजला आणि वरचा मजला यांची सर्किटे वेगळी काढून मुख्य बोर्ड जिन्यात वर नेतो, म्हणजे पाणी येण्याआधी खालचा पुरवठा तोडला तरी वर दिवा राहतो. मे महिन्यात, पावसाच्या आधी, आमची दोन मुले वही घेऊन याच घरांत पुन्हा जातात आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहून येतात.