पसरणी घाटात ब्रेक मऊ पडला त्याची गोष्ट (घाटात जाणाऱ्यांनी वाचाच)

26 जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि पुण्यातल्या निम्म्या लोकांना जे सुचतं तेच आम्हालाही सुचलं, महाबळेश्वर. मी, बायको, भाचा, आई आणि येताना आईच्या मांडीवर स्ट्रॉबेरीचे दोन बॉक्स. गाडी दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम. जाताना काहीच झालं नाही, खंबाटकी आरामात चढली, वाईत ढोल्या गणपतीला नमस्कार करून वर गेलो. सगळा तमाशा येताना झाला.

पाचगणी सोडून घाट उतरायला लागलो तर गाड्यांची शेपटाला शेपूट, पुढे एसटी, आणि मी शहाणा तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतोय. निम्मा घाट झाला असेल, जळका वास यायला लागला, बायको म्हणाली कोणाचा तरी क्लच जळतोय, आणि पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल नेहमीच्या जागी थांबेचना, ओल्या स्पंजवर पाय दिल्यासारखं खाली गेलं. पोटात गोळाच आला. पटपट तीन-चारदा पंप केल्यावर थोडं वर आलं, तेवढ्यात दुसरा टाकला, मग पहिला, हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढत नेला आणि रस्ता जरा रुंद झाला तिथे कडेला थांबलो. थांबेपर्यंत इंजिन बंद करू नका, बंद केलं की पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत जाते आणि पॉवर स्टिअरिंग पण जड होतं. चाकाला दगड भाच्याने लावला.

गाडीखाली थेंब दिसले तेव्हा आईने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. बोट लावून बघितलं, एसीचं पाणी होतं. ब्रेक ऑइल बोटाला बुळबुळीत लागतं आणि शक्यतो चाकाच्या आतल्या बाजूला किंवा बॉनेटखाली मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) बूस्टरला जोडलेला असतो तिथे ओल दिसते. चारही चाकं बघितली, कोरडी. ब्रेक ऑइलच्या टाकीतली लेव्हल पण मॅक्सच्या जवळ. पण रंग! आईच्या कोऱ्या चहासारखा काळपट, नवीन ऑइल फिकट पिवळसर असतं.

पाऊण तासाने पेडल आपोआप ठीक झालं. इथेच माणूस फसतो, की चला, झालं नीट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पुण्याच्या चार पावसाळ्यांत बरंच पाणी मुरतं. कोरडं डॉट-3 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ते 140 वर येऊ शकतं, डॉट-4 चे तेच आकडे 230 आणि 155. घाटात ब्रेकचे पॅड तापले की हे ऑइल उकळून आत वाफ होते, वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ. गार झालं की वाफेचं परत पाणी आणि पेडल जागेवर. पेडल कडक असून गाडी थांबत नसेल तर ते वेगळं, तिथे पॅड तापून पकड सोडतात.

दुसऱ्या गिअरमध्ये रांगत वाईला पोचलो. तिथल्या एका गॅरेजवाल्याने चाकं न बघताच निदान केलं, मास्टर सिलिंडर गेला, साडेचार हजार. मी म्हटलं थांबा. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं आणि मिनिटभर पाय तसाच ठेवला. मास्टर सिलिंडरचे सील आतून गेले असतील तर पेडल हळूहळू खाली सरकत राहतं, माझं जागचं हललं नाही. म्हणून तसाच हळू पुण्याला आलो. पेडल गार असतानाही मऊ असेल किंवा कुठे ओल असेल तर हे करू नका, गाडी टो करा.

घरी जुनी बिलं काढली, दर सर्व्हिसला 'ब्रेक ऑइल टॉपअप' आणि बदललेलं एकदाही नाही. पॅड झिजले की लेव्हल उतरतेच, त्यात वरून ओतलं की टाकी भरलेली दिसते आणि खाली चाकात पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपाशी तेच जुनं. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

नाना पेठेतून डॉट-4 च्या सीलबंद बाटल्या आणल्या. डॉट-5 घेऊ नका, ते सिलिकॉनचं, यात चालत नाही. आधी टाकीतलं काळं पिचकारीने काढून नवीन भरलं, मग मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, मग पुढची. क्रम गाडीच्या पुस्तकात बघा, सगळ्यांचा सारखा नसतो. प्रत्येक चाकामागे ऑइल काढायचं छोटं निपल असतं, त्याला रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. भाचा आत.

"दाब."
"दाबलं मामा."
"धर, सोडू नको." निपल पाव फेरा सैल, बुडबुडे, काळं पाणी, परत घट्ट. "आता सोड."

हे प्रत्येक चाकाला स्वच्छ ऑइल येईपर्यंत. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता कारण जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल पार तळाला नेलं की न वापरलेल्या भागातल्या गंजाने सील फाटू शकतात. टाकी मध्ये रिकामी होऊ देऊ नका, एबीएसमध्ये (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवा शिरली तर काही गाड्यांना स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

एवढं करूनही पेडल जरा खोलच लागत होतं, मऊ नाही पण खोल. हँडब्रेक दोन दाते ओढून दाबलं तर लगेच वर आलं, म्हणजे मागचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) ड्रमपासून लांब राहिलेत. ड्रम ओळखीच्या मिस्त्रीकडून उघडले, एका बाजूचा, शू ड्रमजवळ ठेवणारा, अ‍ॅडजस्टर धुळीने जाम होता.

आधी पार्किंगमध्ये, मग रविवारी पहाटे सिंहगड उतरून बघितलं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक ठोकून सोडत. पेडल जिथल्या तिथे. एका निपलची रबरी टोपी तेवढी अजून सापडलेली नाहीये, भाचा म्हणतो मामा तुम्हीच खिशात टाकली होती.