हरलेल्याच्या हातात माईक

डिसेंबरचा शेवटचा शनिवार जवळ आला की आमच्या सुताच्या गोदामातला प्लॅटफॉर्म काटा हातगाड्यावर चढतो आणि रस्सीखेच स्पर्धेसाठी शाळेकडे निघतो. मालक दरवर्षी विचारतात, "काटा परत कधी?" मी दरवर्षी सांगतो, "दुपारपर्यंत." तो सोमवारी येतो. मधल्या काळात गोदामात कुणी सूत मोजायला आलं तर त्याला चहा पाजून बसवायचं काम माझं. १९९४ पासून हे चाललंय. मी तिथं हिशेब लिहितो आणि शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा चिटणीस आहे, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी मलाच खावी लागतात.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. वर्गाची खिडकी उघडली की यंत्रमागांचा आवाज आत येतो, बंद केली तरी येतोच. पोरं घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी, आणि शाळेत सगळ्यांची मिळून मराठी. म्हणून आमच्या रस्सीखेचीत दोर एक असला तरी तो चार भाषांत ओढला जातो. कुणी "ओढ" ओरडतो, कुणी "एळी", कुणी "खेंच", आणि या सगळ्यांच्या वर "लागू! लागू!" एका वर्षी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, "काय लागू झालंय?" निवडणुका तोंडावर होत्या, त्यांना आचारसंहिता वाटली असावी. तेलुगूत लागू म्हणजे ओढ, हे मी त्यांना सांगेपर्यंत पहिली फेरी संपली होती.

जानेवारीत एकदा स्पर्धा घेऊन बघितली. नाही जमली. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांची फेरी असते. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर १९३१ साली याच तारखेला धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. फेरी झाली की लगेच सिद्धेश्वरांची यात्रा. निम्मी पोरं बाराबंदी घालून नंदीध्वजांमागं आणि उरलेली गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळण्यात. दोराला हात लावायला उरतो कोण? तेव्हापासून गड्ड्याच्या आत उरकायचं ठरलं.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय आणि त्यातली एक तरी चूक, हे सगळं झालं असं समजा.

पहिल्या वर्षीचा दोर म्हणजे मोटेचा नाडा होता, बैलांनी विहिरीचं पाणी ओढायचा जाड दोर. आमच्यापैकी एकाच्या मामांची मोहोळकडं विहीर. मोट बंद होऊन जमाना झाला, पण नाडा आणि सोंदूर, म्हणजे मोटेच्या सोंडेचा बारीक दोर, माळ्यावर जपून ठेवलेले. त्यांनी नाडा दिला, सोंदूर दिला नाही. का ते विचारलं नाही. आता नाडा असतो विहिरीच्या मापाचा. दोन्हीकडं आठ-आठ गडी लावले तर पाचव्या-सहाव्यालाच दोर संपायचा. म्हणून त्या वर्षी सहा-सहा जणांचे संघ झाले, आणि वगळलेली पोरं माझ्यावर महिनाभर फुगून होती. खरा नियम आठ गड्यांचाच. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा दोर घेरानं दहा ते साडेबारा सेंटिमीटर आणि लांबीला कमीत कमी साडेतेहतीस मीटर लागतो. मधोमध लाल खूण, तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार मीटरवर पांढरी. समोरच्यांना चार मीटर ओढून आणलं की फेरी तुमची, आणि तीनपैकी दोन फेऱ्या घेईल तो जिंकला. हे सगळं आम्हाला चित्रकलेच्या सरांनी शिकवलं. कवायतीच्या सरांनी नाही, हे मुद्दाम लिहितो.

१९९६ सालची गोष्ट मात्र माझ्या खात्यावर. मंडळाची शिल्लक बघून मी मंगळवार पेठेतून निळा नायलॉनचा दोर आणला. हलका, गुळगुळीत, निम्म्या किमतीत. शाबासकीच्या अपेक्षेनं सगळ्यांना दाखवत हिंडलो. दुसऱ्याच फेरीत तो आठवी ब च्या हातातून सर्रकन निघाला आणि पाच पोरांचे तळहात भाजले. भाजलेच म्हणायचं, कातडी पांढरी पडली होती. मुख्याध्यापक बाई ओळीनं बर्नॉल लावत गेल्या, मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. पुढच्या ऑक्टोबरात तैपेईत सोळाशेंवर माणसं एक दोर ओढत असताना तो तुटला आणि दोघांचे हात गेले, ही बातमी वाचली तेव्हा गोदामात मी खाली बसलो. नायलॉन ताणला की लांबतो, सगळा जोर पोटात धरून ठेवतो आणि तुटला की चाबकासारखा मागं येतो. आमचा नुसता निसटला होता. तेव्हापासून जाड मनिला दोर. दिवाळीच्या सुट्टीत तो उन्हात पडतो, हातभर-हातभर चाचपून बघितला जातो. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पोराचे पंजे बघतो मीच. दोर मनगटाला गुंडाळलेला दिसला की तो गडी बाहेर, मग तो पाहुण्यांचा नातू असला तरी.

काट्याची भानगड अशी. आधी इयत्तेप्रमाणे संघ असायचे आणि नववी आठवीला फरफटत न्यायची. बघणाऱ्यालाच लाज वाटायची. मग आठ जणांचं मिळून ३६० किलो, त्याच्या वर एक ग्रॅम नाही, असं ठरलं. सकाळी सातला सुताच्या काट्यावर पोरं चढतात. आदल्या रात्री न जेवलेली पोरं ओळखू येतात, काट्यावरून उतरल्या उतरल्या ती भाकरीच्या टोपल्याकडं जातात. एकाला संघाचं वजन कमी भरेल आणि आपली अब्रू जाईल अशी भीती, तो खिशात दोन किलोचं माप घालून आला होता. ते माप आमच्याच गोदामातलं निघालं.

पायात काही घालायचं नाही, हाही नियम असाच आला. एक संघ वडलांचे कारखान्यातले बूट घालून उतरला आणि मैदानावर दोन तास भांडण. चित्रकलेच्या सरांनी माईक घेतला आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट सांगितली: रस्सीखेच १९०० ते १९२० ऑलिंपिकमध्ये होती, आणि लंडनला लिव्हरपूलच्या पोलिसांच्या जड बुटांवरून अमेरिकेचा संघ चिडून निघून गेला होता. "तिथं पण हेच झालं, मग आपण तर साखर पेठेतले!" भांडण हसण्यावारी गेलं. ही गोष्ट सर अजून दरवर्षी सांगतात, तेवढ्याच उत्साहानं, आणि पोरं शेवटचं वाक्य त्यांच्या आधी म्हणतात.

खेळाबद्दल एकच सांगतो. ताकदीचं पोर पुढं उभं करून काही होत नाही. दोर हातानं नाही, पायानं ओढायचा असतो. टाच रोवून, अंग मागं टाकून, सगळ्यांनी एका दमात. शेवटच्या गड्याच्या काखेतून दोर पाठीवरून तिरका दुसऱ्या खांद्यावर येतो, गाठ मारायची नाही. तो गडी हलला नाही तर बाकीचे सात तरतात. एका वर्षी नववी अ चा कप्तान ओरडत नव्हता, तोंडानं मागाचा आवाज काढत होता. खट्‌, खटाक्‌. खट्‌, खटाक्‌. खटाक्‌ला आठही जण मागं. समोरचे त्यांच्यापेक्षा अंगानं थोराड होते, पण प्रत्येक जण आपापला ओढत होता. त्यांचा कप्तान मला कळवळून म्हणाला, "सर, दोर तिकडं जाऊलालाय, आम्ही काय करू?" मी सर नाही. पण त्या दिवशी मान डोलवली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्याकडं बक्षीस जिंकणाऱ्याला आणि माईक हरणाऱ्याला. हे कुणी ठरवलेलं नाही. १९९५ ला अंतिम सामना संपला तेव्हा जिंकलेला कप्तान भिंतीच्या कडेला उलटी करत होता. सरांनी माईक जो जवळ उभा होता त्याच्या हातात दिला, तो हरलेला निघाला. दहावीतलं पोर, काळंसावळं, गुडघे खरचटलेले. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग म्हणाला, "आमचा आठवा गडी आज आला नाही. त्याच्या अण्णाचा हात मागात सापडलाय, म्हणून तो मागावर उभाय. त्याच्या जागी सातवीतला घेतला. त्यानं चांगलं ओढलं. त्याला कुणी काही बोलू नका."

एवढंच. माईक परत दिला आणि गेला. मैदानावर कुणी टाळी वाजवली नाही, नंतर वाजली ती फार वेळ थांबेना. त्या सातवीतल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवायला जिंकलेल्या संघातली दोघं गेली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

पुढच्या वर्षीपासून तो रिवाजच झाला. पाहुण्यांचं भाषण चालू असताना मी जेवणाची पानं मोजतो, खोटं कशाला सांगू. पण हरलेला कप्तान माईकजवळ आला की हातातलं काम खाली ठेवतो. एक म्हणाला, "दोन महिने मरमर जेवलो, वजन वाढेना, आईचं पीठ वाया गेलं." मुलींच्या स्पर्धा २००३ पासून सुरू झाल्या. पायऱ्यांवर आया बसलेल्या, मांडीवर सूप, तेंदूपत्ता आणि तंबाखू; हजार विड्यांचा हिशेब संध्याकाळी द्यायचा असतो, पोरीचा खेळ आहे म्हणून तो चुकत नाही. हरलेल्या मुलींची कप्तान माईक घेऊन त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिली. "आई, मी बोलतीय की. जरा विड्या थांबवा." साठ-सत्तर बायकांचे हात एकदम थांबले. आणि ती पोरगी काय बोलायचं तेच विसरली. खाली बघून म्हणाली, "हारलो आम्ही. पुढच्या वर्षी मी नसते, दहावी झाली." बायका हसल्या, दोघींनी पदर डोळ्यांना लावला, आणि हात पुन्हा सुपात गेले.

असल्या वेळी गर्दी असावी असं वाटतं, आणि तिथंच माझं दुखणं आहे. दहावीच्या पोरांना त्याच दिवशी क्लासची सराव परीक्षा असते, दरवर्षी, न चुकता. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचचं नाव घेत नाही. ग्रुपवर त्यांचे एकसष्ट अंगठे आले, मैदानावर चार माणसं आली. त्यातली दोन फोटोपुरती. नवीन दोर आम्ही देतो असं त्याच बॅचनं दोन वर्षांपूर्वी स्टेजवर जाहीर केलं होतं, टाळ्या मी स्वतः वाजवल्या होत्या. जुनाच दोर वापरतोय. चांगला आहे तो.

आता उपकाराची माणसं. मैदानावर धूळ बसावी म्हणून आदल्या संध्याकाळी टँकर लागतो; घरी नळाला चार दिवसांनी पाणी येत असताना एक पालक तो फुकट पाठवतात. चुन्याची रेघ शिपाईमामा मारतात, सुतळी न धरता, आणि ती सरळ येते. मंडपवाले काका भाडं निम्मं घेतात आणि खुर्च्या सगळ्या मोजून नेतात. माईकवाल्यांचा पोरगा. गल्लीतले डॉक्टर सकाळभर पेटी घेऊन बसतात, गेल्या सात वर्षांत त्यांना फक्त मुकामार लाभला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी शाळेमागच्या अक्का आणि त्यांच्या दोन सुना करतात. धाकटी यंदा माहेरी होती, तरी तिनं चटणी कुटून ठेवली होती. जिंकणाऱ्या आठ जणांना चादरी आणि हरणाऱ्यांना टॉवेल एक कारखानदार पालक देतात. माल सेकंडचा असतो, कुठंतरी एक धागा चुकलेला, पण पोरांना तो धागा शोधायला फार आवडतं. काटा वाहणारे हमालअण्णा. पंच म्हणून शेजारच्या शाळेचे सर. उर्दू शाळेतली पोरं, जी आपली स्पर्धा नसताना ओरडायला येतात. दोराला उंदीर लागू नयेत म्हणून डांबरगोळ्या ठेवणाऱ्या ग्रंथालयाच्या बाई. आणि हो, मामांचा नाडा. मामा २०११ ला गेले.

शिवणाच्या बाई राहिल्याच बघा, आणि त्यांच्यावाचून खेळच सुरू होत नाही. दोराच्या मधोमध लागणारी लाल फीत त्या दरवर्षी नवी शिवतात, बांधत नाहीत, दोराच्या पिळात सुईनं ओवून घट्ट टाचतात. स्पर्धा झाली की उसवून तीवर साल लिहून मी मिठाईच्या डब्यात ठेवतो. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर २०२४ पर्यंत एकोणतीस व्हायला हव्यात. डब्यात सत्तावीस आहेत. नायलॉनच्या वर्षीची मीच फेकून दिली. दुसरी १९९५ ची. ती कुठं आहे ते मला माहीत आहे. अशोक चौकातल्या एका रिक्षाच्या आरशाला लिंबू-मिरचीशेजारी लटकलेली असते, उन्हानं पार गुलाबी झालीय. मी दोनदा मागितली. तो म्हणतो, "चिटणीससाहेब, नजर लागू नये म्हणून आहे ती, शाळेची कशाला असेल?" आणि मीटर टाकतो.