चिकटपट्टीचं पाकीट आणि आमची ११ वर्षं

आमच्या पाकिटाला शिलाईचा एक टाका नाही. सुट्ट्या पैशांचं चेनचं पाकीट, १० सेंटिमीटर लांब आणि ८ उंच, सगळं रंगीत कापडी टेपचं. लोक हातात घेऊन आधी उलटंपालटं करतात, दोरा शोधतात. तो सापडत नाही, याचा मला आजही पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो.

सुरुवात मी आणि माझ्या नणंदेनं केली, जेवणाच्या टेबलावर. कल्पना माझी, हात वन्संचा. मॅटवर पट्ट्या एकमेकींवर पाच-सहा मिलिमीटर चढवून लावायच्या, अख्खी शीट हलकेच उचलून पालथी करायची आणि गोंदावर गोंद येईल असा दुसरा थर द्यायचा. वन्सं हे खूण न करता, नुसत्या नजरेनं करायच्या. खालच्या थराची जोडरेघ वरच्या पट्टीच्या मधोमध आली पाहिजे, हा नियम त्यांचाच. दोन्ही थरांच्या रेघा एकावर एक आल्या, की पाकीट तिथूनच उकलतं.

हत्यारं तीच आहेत: १८ मिलिमीटर पात्याचा कटर, पोलादी फूटपट्टी आणि वन्संचं जुनं लाटणं. लाटणं मधून कडेकडे फिरवायचं, म्हणजे हवा बाहेर निघते. हा गोंद वाळून धरणारा नाही, दाबानं धरणारा आहे. पूर्ण पकड यायला एक दिवस जातो, म्हणून आमचं पाकीट २४ तास वजनाखाली राहतं आणि मगच त्याची चेन ओढून बघतो. घरी करणाऱ्यांना सांगते, घाई इथेच नडते. आणखी एक: कात्रीला गोंद बसला तर तेलाचं बोट फिरवा, पण मग ती अगदी कोरडी पुसा. टेपला तेल लागलं, की त्या जागी पट्टी धरत नाही.

चौथ्या वर्षी ६०० पाकिटांची ऑर्डर आली. तोवरची सगळ्यात मोठी. नेहमीच्या पुरवठादारानं रोल पाठवले, रंग तेच, रुंदी तीच ४८ मिलिमीटर. पहिली पट्टी फाडताना माझा हात थांबला. चांगली कापडी टेप आतल्या धाग्याबरोबर सरळ फाटते. ही आधी ताणली गेली आणि मग तिरकी गेली. मी लगेच फोन केला. "कंपनीनं पॅकिंग बदललंय, माल तोच आहे," असं उत्तर आलं. तारीख जवळ होती, मी विश्वास ठेवला.

उन्हाळ्यात बंद खोक्यांमध्ये पट्ट्या सरकल्या. कडांतून गोंद पाझरला, चेनीचे दात एकमेकांना चिकटले, नाणी काढली तर बोटं काळी होत होती. निम्म्याहून जास्त पाकिटं परत आली. मी पुरवठादाराकडे गेले, तर तो चार माणसांदेखत म्हणाला, "माल चांगला आहे, तुम्हा बायकांना नीट दाबता येत नाही."

त्या रात्री वन्संनी जुन्या रोलचा एक तुकडा आणि नव्याचा एक शेजारी ठेवले. नखानं वरचं प्लास्टिक सोललं आणि सुई घेऊन इंचभरातले धागे मोजले. नव्यात निम्मेसुद्धा भरले नाहीत. ते दोन तुकडे मी त्याला नेऊन दाखवले. त्यानं पाहिलेही नाहीत. एक रोलसुद्धा परत घेतला नाही.

त्या दिवसांत मला वेस्टा स्टाउट फार आठवायची. अमेरिकेत इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणारी बाई, दोन मुलगे नौदलात. काडतुसांच्या पेट्यांची कागदी पट्टी ओढताना तुटते, ऐन वेळी पेटी उघडत नाही, त्याऐवजी कापडी पट्टी लावा, असं ती वरिष्ठांना सांगत राहिली. कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी १० फेब्रुवारी १९४३ला तिनं थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं, आणि कापडी टेप तयार झाली. आम्हाला पत्र लिहायला कोणी नव्हतं. प्रत्येक पाकीट आम्ही पदरच्या पैशानं बदलून दिलं. वन्संनी आठ महिने आपला वाटा घेतला नाही, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा कंडक्टरकाका आले. आमच्या पहिल्या पाकिटांतलं एक त्यांच्याकडे होतं, दिवसभर नाण्यांनी भरलेलं. लाल रंग उडालेला, कोपरे टेपच्या आतल्या धाग्यापर्यंत झिजलेले, पण घडी घट्ट. टेबलावर ठेवून म्हणाले, "एक नाणं सांडलेलं नाही. आता मुलीसाठी असंच एक करा." दुसऱ्या दिवशी वन्संनी लाटणं हातात घेतलं.

पुढची वर्षं नीट गेली. काकांच्या पाकिटाला आता तिसरा रनर बसलाय. कडेची अर्ध्या रुंदीची पट्टी, २४ मिलिमीटरची, दर वेळी मी स्वतः बदलते. ते काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही.

गेल्या महिन्यात त्याच पुरवठादाराकडून नमुन्याचं खोकं आलं, सोबत नव्या दरांचा कागद. वन्संनी वीतभर पट्टी ओढली आणि फाडली. फाट तिरकी गेली. पट्टी परत रोलवर चिकटवून त्यांनी खोकं बंद केलं आणि ते घेऊन आलेल्या माणसाच्याच हाती परत दिलं.