अ‍ॅरेच्या आतल्या अ‍ॅरेत शब्द शोधताना
समजा जावास्क्रिप्टमध्ये यादीत याद्या, म्हणजे अ‍ॅरेत अ‍ॅरे आहेत, आत दुकानांची नावं, 'अमृततुल्य चहा' वगैरे, आणि शोधायचंय नुसतं 'चहा'. आतल्या अ‍ॅरेवर थेट इन्क्लूड्स (includes, 'हे यात आहे का' बघणारं फंक्शन) मारलं तर हाती काही लागत नाही, कारण ते अख्खी स्ट्रिंग (मजकूर) जुळली तरच ट्रू देतं, तुकडा शोधतं ते स्ट्रिंगचं इन्क्लूड्स, नाव एकच ठेवलंय कशाला देव जाणे. म्हणून बाहेर फिल्टर (filter, जुळणारं तेवढं ठेवतं), आत सम (some, एक तरी जुळतं का बघतं), त्याच्या आत स्ट्रिंगचं इन्क्लूड्स. पण यात न जुळलेली नावंही सोबत येतात, ती नको असतील तर आधी मॅपमध्ये (map, प्रत्येक घटकावर फिरतं) आतली यादी फिल्टर करा मग रिकाम्या उडवा. मराठी डेटाला नॉर्मलाइज (normalize, एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करतं) लावाच, 'वाऱ्यावर'मधला ऱ कधी एकच कॅरेक्टर असतो कधी र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब), दिसायला सेम पण जुळत नाही.